दीर्घकाळ प्रतिजैविक चालू असताना प्रोबायोटिक कोणते निवडावे?

निरंजना

माझ्या आईला ब्राँकिएक्टेसिस (फुप्फुसांतील श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) आहे. छातीत वारंवार होणारा जंतुसंसर्ग आटोक्यात राहावा म्हणून फुप्फुसतज्ज्ञांनी तिला अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम आठवड्यातून तीन दिवस असे दीर्घ मुदतीसाठी लिहून दिले आहे. औषधाचा गुण नक्कीच आला. बेडका कमी झाला आणि दर काही आठवड्यांनी येणारा ताप थांबला. मात्र तेव्हापासून तिला शौचास पातळ होते, पोटात सतत गुरगुरते आणि बाहेर जायचे म्हटले की ती आधी शौचालय कुठे आहे ते विचारते. तिचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोलची गोळी अनेक वर्षे चालू आहे.

प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी उपयुक्त मानले जाणारे जिवंत सूक्ष्मजीव, सुरू करावे असे बहुतेकांनी सुचवले, पण कोणते ते कोणी सांगत नाही. माझ्यासमोर तीन उत्पादने आहेत. पहिल्या कॅप्सूलमध्ये चौदा प्रकारचे जिवाणू असून वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘५० अब्ज’ असे छापले आहे. दुसऱ्यात सॅकरोमायसिस बुलार्डी हे एकच यीस्ट असून त्याचे प्रमाण अब्जांत न देता २५० मिलिग्रॅम असे दिले आहे. तिसरे म्हणजे बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू असलेली छोटी प्लॅस्टिकची कुपी, ज्यात २ अब्ज बीजाणू असल्याचे लिहिले आहे. यांतले कोणते निवडावे, प्रतिजैविकापासून किती अंतराने द्यावे आणि मूळ औषधच महिनोन्‌महिने चालणार असेल तर हे किती काळ चालू ठेवावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

सूक्ष्मदर्शी

निरंजना, मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे जिवाणूंविषयी लिहितो आणि आईंच्या उपचारांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांवर सोडतो.

निवडीची सुरुवात आकड्यापासून न करता नावापासून करावी. प्रोबायोटिकच्या पूर्ण नावाला तीन भाग असतात: वंश, प्रजाती आणि स्ट्रेन, म्हणजे प्रजातीतील विशिष्ट उपप्रकार. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’ या नावातील शेवटची दोन अक्षरे स्ट्रेन सांगतात, आणि चाचण्यांतून जे काही सिद्ध झाले आहे ते त्या दोन अक्षरांशी बांधलेले आहे. त्याच प्रजातीचा दुसरा स्ट्रेन तेच काम करील असे गृहीत धरता येत नाही. २०२० मध्ये या वंशाची पुनर्रचना झाल्यामुळे काही वेष्टनांवर आता ‘लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ असे दिसेल. जिवाणू तोच आहे, त्याने गोंधळून जाऊ नये. तुमच्या पहिल्या कॅप्सूलवर चौदा नावे असली तरी त्यांच्यापुढे स्ट्रेनची खूण आहे का ते पाहा. ती नसेल, तर त्या मिश्रणाचा कोणत्या अभ्यासाशी संबंध जोडावा हे कोणालाच सांगता येणार नाही, मग वेष्टनावर ५० अब्ज असोत की ५०० अब्ज.

दुसरा मुद्दा तुमच्या बाबतीत अधिक निर्णायक आहे. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम हे स्वतः जिवाणू आहेत, आणि अझिथ्रोमायसिनच्या वर्गातील औषधांना ते बहुधा बळी पडतात. दोन तासांचे अंतर ठेवण्याचा जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तो लवकर शोषल्या जाणाऱ्या आणि शरीरातून लवकर बाहेर पडणाऱ्या औषधांना ठीक लागू पडतो. अझिथ्रोमायसिनचा अर्धायुकाल, म्हणजे शरीरातील औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ, सुमारे ६८ तास आहे. ते पेशींमध्ये साठून राहते आणि बराचसा भाग पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतो. म्हणूनच तर ते आठवड्यातून तीनच दिवस देऊन भागते. याचा अर्थ असा की, ज्या दिवशी गोळी नाही त्या दिवशीही आतडे औषधमुक्त नसते, आणि ‘मधल्या दिवशी प्रोबायोटिक देऊ’ ही कल्पना दिसायला सोयीची असली तरी तिच्यातून फारसे काही साधत नाही.

सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे. जिवाणूंविरुद्धच्या प्रतिजैविकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही, कारण ही औषधे ज्या रचनांवर आघात करतात त्या यीस्टच्या पेशीत वेगळ्या असतात किंवा नसतातच. १९२० च्या दशकात आँरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून ते वेगळे केले. सर्वाधिक अभ्यासलेल्या स्ट्रेनची खूण सीएनसीएम आय-७४५ अशी आहे. बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू जठराम्लातून सुखरूप जातात आणि त्याचे औषधी स्ट्रेन अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. मात्र त्यामागचे पुरावे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि बुलार्डी यांच्या मानाने कमी आहेत.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. मिश्रणात एंटेरोकॉकस असेल, तर दीर्घकाळ प्रतिजैविक घेणाऱ्या व्यक्तीसाठी मी ते टाळीन. काही वेष्टनांवर तो ‘स्ट्रेप्टोकॉकस फीकॅलिस’ या जुन्या नावाने येतो. या वंशातील जिवाणू प्रतिकारक्षमतेची जनुके एकमेकांना सहज देतात, आणि प्रतिजैविकाच्या सततच्या दबावाखाली अशाच जिवाणूंना वाढायला मोकळे रान मिळते.

आश्वस्त

इतका विचार करण्याची आवश्यकता आहे का, असे नम्रपणे विचारावेसे वाटते. हे जिवाणू उपयुक्त असतात, त्यांनी अपाय होत नाही. मी स्वतः बराच काळ एक मिश्रण घेत आहे आणि मला काही त्रास झालेला नाही. उपयोग झाला तर उत्तम, न झाला तरी नुकसान तर नाही.

खलबत्ता

आश्वस्त, तुमचा अनुभव खरा आहे, आणि निरोगी माणसाच्या बाबतीत तो बहुधा खराच ठरतो. परंतु दीर्घकाळ प्रतिजैविक घेणारी व्यक्ती अनेकदा निरोगी नसते, आणि ‘नुकसान तर नाही’ हे वाक्य मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत असल्यामुळे सहज मान्य करू शकत नाही.

बुलार्डी यीस्ट रक्तात शिरून गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. हे प्रामुख्याने अतिदक्षता विभागातील, प्रतिकारशक्ती खालावलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेल्या रुग्णांत घडले. २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षाविषयक समितीने अशा रुग्णांना ते देऊ नये असे स्पष्ट केले. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोबायोटिक मिळालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण १६ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ते ६ टक्के होते. त्या चाचणीचा निरंजना यांच्या आईंशी थेट संबंध नाही, पण ‘उपयुक्त जिवाणू’ हे विशेषण कोणत्या शरीरात शिरल्यावर लागू राहते, याचा विचार तिने सर्वांना करायला लावला. आतड्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढलेल्या व्यक्तींनीही लॅक्टोबॅसिलस स्वतःहून सुरू करू नयेत, कारण त्यांच्यात डी-लॅक्टिक आम्ल रक्तात साचण्याचा धोका असतो.

आता निरंजना यांच्या प्रश्नाकडे वळतो, आणि मला वाटते की तीन उत्पादनांपैकी एक निवडण्याच्या आधी एक पायरी राहून गेली आहे. आईंना पातळ शौचास नेमके कशामुळे होते आहे? अझिथ्रोमायसिनच्या वर्गातील औषधे आतड्यातील मोटिलिन नावाच्या संप्रेरकाच्या ग्राहींना उद्दीपित करतात आणि त्यामुळे आतड्याची हालचाल वाढते. हा औषधाचा स्वतःचा गुणधर्म आहे. जिवाणूंचे संतुलन बिघडले नाही तरी तो दिसतो. अशा वेळी जगातले उत्तमोत्तम प्रोबायोटिक दिले तरी फरक पडेलच असे नाही. गोळी जेवणाबरोबर घेतल्यास पुष्कळांना बरे वाटते, आणि २५० मिलिग्रॅमची मात्रा चालेल का हे फुप्फुसतज्ज्ञांना विचारता येते. हे दोन्ही उपाय कोणत्याही कॅप्सूलपेक्षा आधी करून पाहण्यासारखे आहेत.

दुसरे कारण मात्र गंभीर आहे आणि ते वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये: सी. डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचा आतड्यातील संसर्ग. सत्तरीच्या पुढचे वय, चालू असलेले प्रतिजैविक आणि जठराम्ल कमी करणारी गोळी हे तिन्ही घटक या संसर्गाचा धोका वाढवणारे म्हणून ओळखले जातात. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे होत असेल, ताप, पोटात कळ किंवा शौचातून रक्त असेल, तर विष्ठेची तपासणी लगेच करावी. तपासणीपूर्वी जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी स्वतःहून देऊ नये. प्रोबायोटिक हा सी. डिफिसिलचा उपचार नाही. त्याच्या भरवशावर घालवलेला आठवडा महागात पडू शकतो. पॅन्टोप्राझोलची आज खरोखर गरज आहे का, हेही याच भेटीत विचारा, परंतु ती गोळी स्वतः बंद करू नका.

केतकीवन

माझा प्रश्न थोडा वेगळा असला तरी याच विषयात बसतो. मी मुरमांसाठी काही महिने डॉक्सिसायक्लिन घेत होते. पोटासाठी एक प्रोबायोटिक सुरू केले होते आणि त्याच सुमारास मुरमे पुन्हा वाढू लागली. त्वचारोगतज्ज्ञांनी मला ती डबी आणायला सांगितली आणि मागचा बारीक मजकूर वाचून दाखवला: जिवाणूंच्या यादीखाली झिंक आणि मॅग्नेशियमही होते. मी दोन्ही गोळ्या सकाळी एकत्रच घेत असे. झिंक, लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डॉक्सिसायक्लिनला आतड्यात बांधून ठेवतात आणि औषध नीट शोषले जात नाही, असे त्यांनी समजावले. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांनाही हेच लागू आहे. म्हणून प्रोबायोटिक निवडताना त्यात जीवनसत्त्वे आणि खनिजे मिसळलेली नाहीत ना, हे जरूर पाहावे.

सूक्ष्मदर्शी

केतकीवन यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. प्रोबायोटिकमुळे मूळ औषधच निकामी होणे हा सर्वांत वाईट सौदा, आणि तो टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्याच बारीक मजकुरात आणखी एक गोष्ट पाहावी: जिवंत जिवाणूंची संख्या ‘उत्पादनाच्या वेळी’ दिलेली आहे की ‘वापराची मुदत संपेपर्यंत’ हमी दिलेली आहे. पहिल्या प्रकारचा आकडा कितीही मोठा असला तरी साठवणुकीतील उष्णतेने आणि ओलाव्याने त्यातले किती जिवंत उरले ते कळत नाही. शीतकपाटात ठेवण्याची सूचना असेल तर ती विक्रेत्यानेही पाळलेली असायला हवी. यीस्टचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये दिले जाते, कारण ते वाळवलेल्या भुकटीचे वजन असते. अभ्यासांत २५० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशा मात्रा वापरलेल्या आहेत. फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड किंवा इन्युलिन घातलेले असेल, तर ज्यांच्या पोटात आधीच वायू धरतो त्यांना तो वाढलेला जाणवेल.

प्रतिप्रश्न

मला मूळ गृहीतकाविषयीच शंका आहे. २०१८ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २१ निरोगी स्वयंसेवकांना सात दिवस सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि मेट्रोनिडॅझोल दिले. त्यानंतर काहींना ११ स्ट्रेनचे प्रोबायोटिक दिले, काहींना औषधापूर्वी साठवलेली स्वतःचीच विष्ठा आतड्यात परत दिली आणि उरलेल्यांना काहीच दिले नाही. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू परत येण्यास, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. मग आपण हे देतो कशासाठी? २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्लॅसाइड चाचणीतही इंग्लंड आणि वेल्समधील ६५ वर्षांवरील सुमारे ३००० रुग्णांत लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमच्या मिश्रणाचा लाभ दिसला नाही: प्रोबायोटिक गटात १०.८ टक्के लोकांना जुलाब झाले आणि दुसऱ्या गटात १०.४ टक्के लोकांना.

खलबत्ता

शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर देताना दोन वेगळे हेतू वेगळे ठेवावे लागतील. आतड्यातील मूळ जिवाणूंची वसाहत पूर्ववत करणे हा एक हेतू. औषध चालू असताना जुलाब आणि सी. डिफिसिल टाळणे हा दुसरा. तुम्ही सांगितलेला २०१८ चा अभ्यास पहिल्या हेतूविषयी आहे. तो छोटा होता, निरोगी लोकांवर होता आणि एकाच मिश्रणाचा होता. तरीही ‘औषध संपले की आतडे पुन्हा भरून काढण्यासाठी प्रोबायोटिक घ्यावे’ हा सरसकट सल्ला त्यानंतर छातीठोकपणे देता येत नाही, हे मला मान्य आहे.

दुसऱ्या हेतूसाठी पुरावे अधिक अनुकूल आहेत. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ३१ चाचण्यांतील ८६७२ लोकांची माहिती एकत्र केली गेली; प्रोबायोटिक घेणाऱ्यांत सी. डिफिसिलमुळे होणाऱ्या जुलाबाचे प्रमाण १.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत ४ टक्के होते. मात्र हा लाभ ज्यांना मुळातच ५ टक्क्यांहून अधिक धोका होता त्यांच्यातच प्रामुख्याने दिसला. मुलांविषयीच्या २०१९ च्या आढाव्यात प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलेले दिसले, आणि त्यात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसिस बुलार्डी दिवसाला ५ अब्ज वा अधिक मात्रेत देणे हा पर्याय त्यातल्या त्यात योग्य ठरवला गेला. प्लॅसाइडमधले मिश्रण यांहून वेगळे होते. स्ट्रेनच्या नावाचा आग्रह आम्ही का धरतो, हे यातून ध्यानात येईल.

पण या धाग्याच्या दृष्टीने खरी अडचण पुढेच आहे आणि ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या बहुतेक चाचण्यांत प्रतिजैविक काही दिवस किंवा एक-दोन आठवडे दिलेले होते. महिनोन्‌महिने अझिथ्रोमायसिन, मूत्रमार्गाचा संसर्ग टाळण्यासाठी रोज घेतलेले नायट्रोफ्युरान्टोइन, हाडाच्या संसर्गासाठी सहा आठवड्यांचे उपचार या परिस्थितींना ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय सर्व प्रतिजैविके आतड्याला सारखीच त्रासदायक नसतात: नायट्रोफ्युरान्टोइन लहान आतड्यातच बहुतांशी शोषले जाऊन मूत्रात उतरते, त्यामुळे मोठ्या आतड्यातील जिवाणूंना त्याचा उपद्रव तुलनेने कमी, याउलट क्लिंडामायसिन किंवा सेफॅलोस्पोरिनच्या बाबतीत अधिक जपावे लागते. म्हणून दीर्घ उपचारांत मी प्रोबायोटिककडे कायमचा जोडीदार म्हणून पाहत नाही. विशिष्ट तक्रारीसाठी, ठरावीक मुदतीची चाचणी म्हणून ते द्यावे, आणि सुरू करतानाच थांबण्याचा दिवस दिनदर्शिकेवर लिहावा. चार आठवडे ही मुदत पुरेशी वाटते. त्या काळात दुसरे काहीही बदलू नये, नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही. रोज किती वेळा शौचास झाले आणि ब्रिस्टल श्रेणीतील (विष्ठेचे घट्ट ते पातळ असे सात प्रकार) कोणता प्रकार होता, एवढी नोंद ठेवली तरी पुरते. सहावा आणि सातवा प्रकार म्हणजे पातळ. उपयोग नाही असे दिसले तर थांबवावे. उपयोग झाला तरी एकदा थांबवून पाहावे, कारण असा त्रास अनेकदा आपोआपही कमी होतो.

आश्वस्त

या माहितीबद्दल आभारी आहे. माझे मिश्रण मी कोणत्या तक्रारीसाठी घेत आहे, हे डॉक्टरांना दाखवून ठरवीन. एक पुरवणी प्रश्न आहे. माझ्या पुतण्याला संधिवाताच्या तापानंतर हृदयाच्या झडपेसाठी अनेक वर्षे पेनिसिलिन घ्यायचे आहे. त्याला पोटाची कोणतीही तक्रार नाही. त्याला प्रोबायोटिक द्यावे का?

सूक्ष्मदर्शी

तक्रार नसेल तर देण्याला सबळ आधार नाही. त्याच्या बाबतीत पेनिसिलिनचा एकही हप्ता न चुकणे याला इतर कशाहीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

निरंजना

सर्वांचे मनापासून आभार. वरील मुद्दे कागदावर लिहून आम्ही फुप्फुसतज्ज्ञांकडे गेलो. विष्ठेच्या तपासणीत सी. डिफिसिल आढळले नाही. गोळी आता जेवणाबरोबर सुरू आहे आणि मात्रेचा विचार पुढच्या भेटीत होणार आहे. पॅन्टोप्राझोल हळूहळू कमी करण्याचे ठरले. जेवणाबरोबर गोळी दिल्याने थोडा फरक पडला, पण त्रास पूर्ण गेला नाही, तेव्हा डॉक्टरांच्या संमतीने बुलार्डी यीस्ट चार आठवडे देऊन पाहणार आहोत. मी स्ट्रेनची खूण असलेले, खनिजे नसलेले उत्पादन शोधले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. आईला प्रतिजैविकामुळे अधूनमधून तोंडात बुरशीचा संसर्ग होतो आणि तेव्हा फ्लुकोनॅझोल दिले जाते; त्या दिवसांत हे चालू ठेवावे का? आणि तिला कॅप्सूल गिळायला जड जाते, ती उघडून पाण्यात मिसळली तर चालेल का? घरात बाबांवर केमोथेरपीचे उपचार चालू आहेत आणि त्यांच्या छातीत पोर्ट (मोठ्या शिरेत औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेले उपकरण) बसवलेला आहे, म्हणून विचारते.

खलबत्ता

बरे झाले तुम्ही विचारलेत. फ्लुकोनॅझोल बुरशीबरोबर या यीस्टलाही मारते, त्यामुळे ते चालू असेपर्यंत बुलार्डी देण्यात अर्थ नाही. त्या दिवसांची नोंद वेगळी ठेवा आणि चार आठवडे त्यानंतर पुन्हा मोजा.

दुसऱ्या शंकेबाबत मात्र थांबा. कॅप्सूल उघडली की भुकटीचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात, हाताला लागतात आणि हातावरून पोर्टच्या सुईपर्यंत पोहोचू शकतात. ज्या रुग्णांना हे यीस्ट दिलेलेच नव्हते, पण जे शेजारच्या खाटेवर होते, त्यांच्याही रक्तात ते सापडल्याच्या नोंदी आहेत. बाबांची प्रतिकारशक्ती सध्या कमी असणार. तुमच्या घरात हे उत्पादन आणण्यापूर्वी बाबांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा, आणि त्यांनी नको म्हटले तर आईंसाठीही यीस्टचा विचार सोडून द्या. मात्रा कमी करण्याचा पर्याय तुमच्यापाशी अजून आहेच. त्यांनी होकार दिला तरी कॅप्सूल अख्खीच द्या, घरात कुठेही उघडू नका, ती हाताळल्यानंतर साबणाने हात धुवा, आणि बाबांच्या पोर्टची काळजी घेणारी व्यक्ती व आईंना कॅप्सूल देणारी व्यक्ती शक्य असेल तर वेगळी ठेवा.